डीपीचं तेल

गळ्यातल्या गाठीचं निदान झाल्याचं कळलं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला. खर्रा खात होतीस का? बाई एसटीत कंडक्टर आहे, दिवसभर ड्रायव्हर लोकांत असते, म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा खातच असणार, असा सगळ्यांचा हिशोब. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग तंबाखू घासत होतीस का. तेही नाही म्हटलं की समोरचा जरा नाराज व्हायचा. सफरचंदाची पिशवी खाटेवर ठेवून म्हणायचा, मग नशीब म्हणायचं, दुसरं काय.

माझं नशीब वगैरे काही नव्हतं. काय होतं ते सांगायला बसले आहे. ज्या बायांच्या घरी मोरीच्या कोपऱ्यात अजून त्या तेलाची बाटली ठेवलेली आहे, त्यांनी तरी हे वाचावं. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्यावं.

मी आता बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. केमो संपली, केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे आले, आणि मी पुन्हा भंडारा डेपोत ड्युटीवर आहे. पण जीव वाचला म्हणून बाई शांत झाली असेल, असं कुणी समजू नये.

तेल

खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या अलीकडे एका ठेकेदारानं डीपी दुरुस्तीचं शेड टाकलं. जळलेले डीपी तिथं यायचे. बरेचसे शेतातले असायचे, काही मोठाले, कुठल्या कुठल्या जुन्या कारखान्यांतून भंगारात निघालेले. माझे बाबा तिथं हेल्पर म्हणून लागले. झाकण उघडायचं, आतलं जुनं तेल काढायचं, तारेची गुंडाळी बदलायची, नवं तेल भरायचं. जुनं तेल ड्रममध्ये साठायचं आणि ज्याला पाहिजे त्यानं फुकट न्यावं, अशी मोकळीक होती. त्यामुळे ठेकेदार दिलदार माणूस म्हणून प्रसिद्ध होता.

गावानं त्या तेलाचे पन्नास उपयोग शोधले. चौकटीला उधई लागू नये म्हणून लावा, बैलाच्या खांद्याला लावा, म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला चोळा. पण आमच्या आईनं शोधलेला उपयोग कुणालाच सुचला नव्हता.

आई धानाच्या रोवण्याचा गुत्ता घ्यायची. म्हणजे पंधरावीस बायांची टोळी जमवायची, शेतकऱ्याकडून सगळ्या बांध्यांचं काम अंगावर घ्यायचं आणि पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवून द्यायचे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत चिखलात वाकून उभं राहायचं. चार दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, मग चिरतात, त्या चिखल्या. संध्याकाळी पाय धुतले की तिखट लावल्यासारखी आग होते. वरून जळवा. कुणी मेहंदी लावायची, कुणी रॉकेल, कशानंच काही व्हायचं नाही. एका वर्षी आईनं डीपीचं तेल लावून पाहिलं. पाण्यानं ते धुतलं जाईना. जळवा जवळ येईनात. चिखल्या तर झाल्याच नाहीत.

मग काय, टोळीचा रिवाजच पडला. बांधीत उतरायच्या आधी सगळ्या बाया बांधीच्या काठच्या धुऱ्यावर पाय लांब करून ओळीनं बसायच्या आणि पांढरी प्लास्टिकची कॅन हातोहात फिरायची. पसाभर तेल घ्यायचं, गुडघ्यापर्यंत चोळायचं. मीही बसायची. तेव्हा मी शाळेत होते, आणि रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे शाळेचे वर्ग आपोआप रिकामे होतात. त्या तेलाला जरा गोडसर वास होता आणि मला तो आवडायचा. हात लुगड्याला पुसून आम्ही त्याच हातांनी शिदोरी सोडायचो. आईची टोळी दांडी मारत नाही, तिच्या बायांचे पाय सडत नाहीत, अशी ख्याती झाली. गोसीखुर्दच्या कालव्याकडचे शेतकरीसुद्धा तिला बोलवायला यायचे.

याला कुणी अडाणीपणा म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्या गोष्टीनं गुण येतो ती माणूस वापरतो. तेलानं पाय वाचत होते, हे आम्हाला दिसत होतं. बाकीचं ज्यांना माहीत होतं त्यांनी आम्हाला सांगायचं होतं. त्यांच्यापैकी एकही माणूस कधी धुऱ्यावर आला नाही.

आधी टीबी झाला

तिकिटाच्या मशीनचा पट्टा गळ्यात अडकवताना पट्ट्याखाली काहीतरी टोचायला लागलं. वाटाण्याएवढं होतं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं आणि टीबी ठरवला. सुई टाकून तपासू या असं त्यांना वाटलं नाही, आणि कंडक्टर बाईनं डॉक्टरला शिकवायचं नसतं. महिनोन्महिने मी टीबीच्या गोळ्या गिळल्या. लघवी लाल व्हायची, पोट जळायचं, गाठ मात्र आरामात वाढत होती. वाटाण्याचं बोर झालं, बोराचं लिंबू झालं. गाडीत घंटी मारून "चला, मागं सरका" ओरडायला गेले की आवाज फाटायचा. माझ्यासोबत ड्युटी करणारे ड्रायव्हर धनराजभाऊ एक दिवस गाडी लावता लावता म्हणाले, "म्याडम, हा टीबी-फीबी नोहे. तुम्ही नागपूरले जा. मी डेपो म्यानेजरशी बोलतो."

डॉक्टरला जे दिसलं नाही ते आरशातून पाहणाऱ्या ड्रायव्हरला दिसलं, याचाही मला तेव्हा रागच आला.

नागपूरला गाठीचा तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी नवरा, रमेश, सोबत होता, पण तो गाडी लावायला जागा शोधत होता. मोठ्या डॉक्टरांनी फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

"तसं नाही. घरातलं कोणी?"

त्यांनी मला बाहेर बसवलं. रमेश आला, त्याला आत बोलावलं, दार लावलं. गाठ माझ्या गळ्यात, आणि बातमी त्याला. मी बाकावर बसून बंद दाराकडे पाहत होते आणि त्या दारावरूनच मला कळलं. तो बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा होता. आधी त्यालाच धरून बसवावं लागलं. भानावर आल्यावर तो म्हणाला, "लिम्फोमा म्हणते, गाठीचा कॅन्सर. औषध हाय त्याच्यावर. बरं होते म्हणते." ते ऐकून मला भीती वाटली, आणि भीतीच्या वर राग होता, की हे वाक्य डॉक्टरांनी मला का सांगितलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर दार लावू देऊ नका. खुर्ची ओढून आत बसा.

वॉर्ड

केमोबद्दल लोक फार घाबरवतात. त्रास होतो, खोटं सांगत नाही. पण तो रोजच्या जगण्यासारखाच एका वेळी एक येतो. सकाळी रक्त द्या, रक्त बरं असेल तर सलाईन लावा, सलाईन लागलं की दिवसभर छताकडे पहा. दुसऱ्या दिवशीपासून तोंडाला कुजकट चव. वरणाचा वास आला तरी ओकारी. आमच्या वॉर्डात एक आया होती, तिच्या पदराच्या गाठीला लिंबाची फोड बांधलेली असायची. कुणी ओकायला लागली की ती फोड नाकाखाली धरायची. मला त्या हॉस्पिटलातली माणसं आठवतात त्यात ती पहिली.

दुसरा आधार आमच्या गाड्यांचा. हॉस्पिटलच्या दारात एसटीचा थांबा नाही. पण मी गाडीत असले की नागपूरला जाणारा कोणताही ड्रायव्हर तिथं गाडी उभी करायचा. प्रवासी कुरकुरले तर कंडक्टर सांगायचा, "आमच्या म्याडम उतरून राहिल्या, जरासं दम धरा." माझ्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते, ओढणी घट्ट गुंडाळलेली असायची.

घरात मात्र कुरबुर चालू झाली होती. सासू म्हणायची, हे दुखणं हिच्या माहेरचंच, बापही असाच गेला. रमेश आईला काही बोलायचा नाही आणि मलाही नाही. आमची प्राची नववीत होती. तिच्या शाळेचं, खाण्यापिण्याचं कुणी पाहायचं, यावरून भांडणं व्हायला लागली, म्हणून मी तिला माझ्या आईकडे ठेवलं. ते घर मला सगळ्यात सुरक्षित वाटलं.

कानामागचे ठिपके

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, सोलापूरकडच्या. सुई लावताना त्यांनी माझी मान वळवली आणि थांबल्या. माझ्या कानामागं, गालावर काळे ठिपके आहेत, बारीक फोडांसारखे. वयात आले तेव्हापासून आहेत. मी त्यांना मुरूम म्हणायचे.

"हे किती वर्षांचं आहे?"

"लहानपणापासून. आमच्या टोळीतल्या सगळ्याच बायांले हाय."

"कसली टोळी?"

मी सांगितलं. रोवणा सांगितला, चिखल्या सांगितल्या, तेल सांगितलं. त्यांना डीपी म्हणजे काय ते कळेना. खिडकीतून बाहेरचा खांब दाखवला तेव्हा त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या. मग बाबांचं काम विचारलं, बाबा कशानं गेले ते विचारलं.

बाबा कावीळ होऊन, पोट फुगून गेले होते. लिव्हर गेलं म्हणाले होते. लिव्हर म्हटल्यावर गावानं एकच अर्थ काढला, की माणूस लपून पीत होता. बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, विहारात दारूबंदीवर बोलायला तेच उभे राहायचे. त्यांच्या मयतीला आलेले लोक एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होते. आईनं ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. जुन्या विजेच्या सामानात माणसानं कारखान्यात बनवलेलं एक रसायन घालायचे, तापून पेट घेऊ नये म्हणून. त्याचा मोठा गुण हाच, की ते मोडत नाही. आगीत सहज मोडत नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. अंगात गेलं तर चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. तळ्यात गेलं तर गाळात बसतं, गाळातून मासळीत येतं, मासळीतून पुन्हा आपल्यात. आईच्या दुधातून लेकराला जातं. जगभर ते बनवणं बंद झालं, कारण ते वाईट आहे हे फार आधी कळलं होतं.

"मग माही गाठ याच्यानंच झाली?"

"तसं मी लिहून देऊ शकत नाही, ताई. कोणीच देऊ शकणार नाही. आणि त्या तेलात ते होतंच, हेही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंग तपासा ना."

"इथं ती सोय नाही. पण ते तेल आजच्या आज बंद करा. कुणाच्याच अंगाला लावू नका."

खरं बोलल्याबद्दल मी त्यांना मानते. पण मला कळलं, की ठेकेदार आणि त्याला जुने डीपी विकणारे कारखाने याच जागेत आरामात बसलेले आहेत. तपासायची सोय नाही, म्हणून पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणून गुन्हा नाही. मग उरतं काय, तर खर्रा खात होतीस का.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि तेल बंद करायला सांगितलं. ती "हाव, हाव" म्हणाली.

प्राचीचे पाय

पुढच्या केमोच्या वेळी आई प्राचीला घेऊन भेटायला आली. रोवण्याचे दिवस होते. पोरगी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली, आणि मला तो गोडसर वास आला.

मी तिला दूर ढकललं. तिच्या पायांकडे पाहिलं. चपलेच्या वर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कातडी चमकत होती.

"कुठून येऊन राहिली तू?"

"रोवण्यातून. शाळेले सुट्टी होती तं आजीसंग गेली होती." तिला वाटलं मी शाबासकी देईन. "आजीनं मलेच पहिले तेल लावून देल्लं. सगळ्याईपेक्षा जास्त."

मी आईवर एवढी ओरडले की सिस्टर धावत आली. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हातात केळ्यांची पिशवी.

"तुले फोनवर सांगतलं होतं का नाही, ते तेल फेक मनून?"

"कायले फेकू? वीस वर्षं झाले, रोज लावतो आमी. मले का झालं?"

"बाबाले झालं. मले झालं."

"तुह्या बापाले कावीळ झाली होती. तुले त्या गाडीचा धूर लागला. तेलाले कायले बदनाम करून राहिली? पोट्टीच्या पायाले चिखल्या झाल्या असत्या तं तूच मले बोलली असती."

"आई, तिच्या अंगात आधीच गेलं असन. माह्या दुधातून."

आईनं केळी खाटेवर ठेवली. "माही आई बी लावे अंगाले काही-बाही, तिनं आमाले मारलं का?" असं म्हणून ती प्राचीला घेऊन निघून गेली. प्राची रडत होती, कारण तिचं काय चुकलं ते तिला कळलंच नव्हतं. आणि चुकलं काहीच नव्हतं. आजीनं सगळ्यात जास्त तेल तिला लावलं, कारण ती सगळ्यात लाडकी.

मी सलाईनची नळी हातात घेऊन पडून राहिले. माझ्या गाठीवर औषध चालू होतं. त्या कॅनवर कुणाचं औषध चालू नव्हतं. मी प्राचीला परत घरी आणलं असतं, आणलंही, पण रोवणा दर वर्षी येतो, सुट्ट्या दर वर्षी लागतात आणि नात आजीकडे जाणारच. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. ती कॅन आईच्या घरातून बाहेर गेली पाहिजे, आणि आईच्या मनातूनही.

फेकू कुठं

उपचार संपले, स्कॅन साफ आला, सगळ्यांनी पेढे मागितले. मी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी आईच्या गावी गेले.

विहारात बायांना जमवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, "मंग बाई, पायाले लावाव का?" मी म्हणाले, गमबूट. सगळ्या खो खो हसल्या, आणि बरोबर हसल्या. रोवण्याच्या चिखलात गमबूट घालून पहिलं पाऊल टाकलं की बूट तिथंच राहतो आणि पाय वर येतो. माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. आजही चांगलं उत्तर नाही. मेहंदी लावा, पाय कोरडे ठेवा, दिवसाआड सुट्टी घ्या, असं सांगणं सोपं आहे, पण दिवसाआड सुट्टी घेणारीला गुत्त्यात कोण ठेवतं?

आई जराशी नमली होती, पण तिनं मला वेगळ्याच पेचात टाकलं. "बरं, फेकतो. कुठं फेकू थे सांग."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. गावच्या बोडीत, तळ्यात टाकू? नाही, मासळी खाते. शेतात? विहिरीत उतरेल. जाळून टाकू? मुळीच नाही, धूर तर त्याहून वाईट. मग? त्या म्हणाल्या, ज्यांच्याकडे अशा कचऱ्याचं लायसन आहे त्यांच्याकडे द्यावं लागतं, सरकारी ऑफिसात विचारा. म्हणजे बनवणाऱ्यानं बनवलं, विकणाऱ्यानं विकलं, आणि जगात ते ठेवायला एकच जागा उरली, माझ्या आईची मोरी.

शेड आता नाही, ते बंद होताना भरून ठेवलेलं तेल तेवढं घराघरांत उरलं आहे. ठेकेदारानं ते पाडून लग्नाचं लॉन केलं आहे, हिरवंगार, आणि वरातीतली लेकरं त्या गवतावर लोळतात. मी त्याला गाठलं. तेल परत घ्या म्हटलं. तो हसला नाही, चिडला नाही, खुर्ची द्यायला सांगितली. म्हणाला, "बाई, मी तेल वाटलं का? तुमच्याच वडिलांनी नेलं ना कॅन भरून? मी कधी चोरीची तक्रार केली नाही, गरीब माणूस म्हणून."

बाबा गावाच्या लेखी दारुडे होतेच. आता चोरही झाले. मी त्याच्यासमोरच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास हातानं उडवला. त्यानं काही फरक पडला नाही, पण मला पश्चात्तापही नाही.

साहेब

भंडाऱ्यात मी दोन ऑफिसांत गेले. एकात म्हणाले वीज खात्याचं काम आहे, दुसऱ्यात म्हणाले आरोग्याचं. तिसऱ्या ऑफिसात साहेब भेटतील असं कळलं, तेव्हा मी ठरवलं की कॅन घेऊनच जायचं. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पहिल्या दोघांच्या दारात कॅन नेली असती तरी हेच झालं असतं.

आई म्हणाली, "मी बी येतो." मला वाटलं, मला आधार म्हणून. रस्त्यात कळलं, की ती साहेबाला तेल कसं चांगलं आहे ते सांगायला निघाली होती. "साहेब शिकला सवरला रायते. थो सांगन तुले. थ्या पोरगट डॉक्टरनीचं आयकून तू येडी झाली."

असला माल मी माझ्या गाडीत चढू दिला नसता, म्हणून एसटीनं गेलो नाही. ऑटो केला. कॅन पोत्यात गुंडाळून मी माझ्या पायांशी ठेवली.

साहेबांच्या केबिनमध्ये आईनंच पुढं होऊन पोतं सोडलं आणि कॅन टेबलावर ठेवली. "साहेब, हे डीपीचं तेल. पाहा बरं तुमी. पायाले लावलं तं चिखली होत नाही, जळू लागत नाही." आणि वास दाखवायला तिनं झाकण फिरवलं.

"उघडू नका," साहेब म्हणाले. खुर्चीसकट मागं सरकले, भिंतीला टेकले. रुमाल नाकाशी गेला. "जुनं आहे का? कारखान्याचं? टेबलावरून काढा ते. खाली ठेवा. बाहेर ठेवा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. विचारावं लागलं नाही, पुस्तक पाहावं लागलं नाही. मी एवढी वर्षं ज्याचं नावही ऐकलं नव्हतं, ते त्यांना वासाच्या आधी कळलं.

आई झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिनं साहेबांकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचा तसा चेहरा मी बाबांच्या मयतीलाच पाहिला होता.

साहेबांनी शिपायाला बोलावलं. शिपाई दारातूनच म्हणाला, "साहेब, मी नाही लावत हात." दुसरा आला, त्यानं हातमोजे मागितले. हातमोजे नव्हते. मग साहेब रुमालाआडून आईला म्हणाले, "आजी, असं घरात ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे का? बरं असू द्या. तुम्हीच उचला आणि मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवा. तुम्हाला सवय आहे."

तुम्हाला सवय आहे. मी तोंड उघडलं, मला काय बोलायचं होतं ते आता आठवतही नाही, पण आईनं मला हातानं थांबवलं. तिनं कॅनवरचा हात काढून घेतला.

"मी नाही उचलत, साहेब," ती म्हणाली. "आता तुमी उचला."

आणि ती वळून चालायला लागली. मागून हाका आल्या, आजी, ओ बाई, अर्ज तरी द्या, नाव तरी सांगा. तिनं मागं पाहिलं नाही. मी तिच्या मागं जिना उतरले.

बसस्टँडवर पाण्याच्या टाकीजवळ तिनं पिशवीतून साबणाची वडी काढली, घरून आणलेली, भांडी घासायची. आधी हात धुतले. मग पातळ वर खोचून गुडघ्यापर्यंत पाय धुतले, बोटांच्या बेचकीतून, टाचेच्या भेगांतून. पाणी भरायला आलेले लोक थांबून पाहत होते. ती पुन्हा साबण लावत होती, पुन्हा धुत होती. मी म्हटलं, आई, पुरे. तिनं मान वर केली नाही.

"वैशू," ती म्हणाली, "माह्यं जाऊ दे. प्राचीचं निघन ना?"

ती मला ओरडली असती, तेलाची बाजू घेऊन भांडली असती, तर मला उत्तर देता आलं असतं. मी तिच्या हातातून साबण घेतला आणि खरं काय ते सांगितलं, की मला माहीत नाही.